अठरा चौरस मीटर

काउनासच्या चढावरचं लाकडी घर.
मार्च. छपराचा बर्फ पन्हळीतून ठिबकतोय,
आणि मी व्हॅनमधून तीन नमुने उतरवतोय:
लॅमिनेट, राखाडी टाईल, पाइनची फळी.

बावीस वर्षं हेच बोलतोय,
जीभ आता आपली आपण चालते:
"लॅमिनेट घ्या, बाई. खाली फोमचा थर.
वर घोडा नाचला
तरी कुणाची झोप मोडायची नाही."

मुलगा, उग्न्युस, असेल नऊ-दहाचा,
माझं बोलणं बोटांवर झेलत होता
आणि आईच्या डोळ्यांपुढे मांडत होता.
घोडा तर त्याने अख्खा नाचवून दाखवला.
दारावरची घंटी दाबली तेव्हा
आत दिवा का लागला होता,
ते मला तेव्हा कळलं.

स्कैस्ते हसली. बूट काढले, मोजे काढले,
टाईलवर उभी राहिली
आणि मला खुणेने खोलीच्या त्या टोकाला पाठवलं.
आपट पाय.
मी आपटला. तिने मान हलवली.
"आई म्हणते, ही बहिरी आहे."

लॅमिनेटवर ती जरा जास्त थांबली,
घरात कुणी आजारी असल्यावर थांबतात तशी.
ते नको.

मग फळी. दोन पाचरांवर टेकवलेली, नुसती, उघडी.
मी अजून पाय उचललाच होता, टेकवलाही नव्हता नीट,
आणि तिची भुवई वर गेली.

किंमत तिने विचारलीच नाही.
मीच सांगितली, आणि मग स्वतःहून कमी केली,
का, ते आजही सांगता येणार नाही.

जुनं लिनोलियम सोललं, खालचा कुजका भुसापत्रा काढला,
तुळया उघड्या पडल्या.
मी पाणसळ ठेवत चाललो, बुडबुडा मधोमध,
सगळं ठीक, असं वहीत लिहिणार,
तर ती तुळयांवरून अनवाणी चालत आली,
तिसऱ्यापाशी थबकली
आणि टाचेने दाखवलं: इथे.
माझी पाणसळ जर्मन आहे, महागाची.
मी तरी गुडघे टेकले, टॉर्च मारला.
तुळई आणि दगड यांच्यामध्ये
पोस्टकार्ड जाईल एवढी फट.

पाचर ठोकली. तिने पुन्हा पाय ठेवला. आता हो.

चार दिवस लागले.
फळ्यांवर रंधा मारताना खोलीभर राळेचा वास,
उग्न्युस कुरळ्या कपच्या कानांना अडकवून हिंडायचा.
त्याचा बाप गेडमान्टस रात्रपाळीचा, पावाच्या भट्टीवर.
पहाटे सहाला येतो, पीठ झटकतो,
आणि उंबऱ्याच्या आत दोनदा टाच वाजवतो.
जुन्या घरात, कॉंक्रीटवर,
तिला तो खांद्याला हात लावेपर्यंत यायचा नाही,
असं मुलाने सांगितलं,
जणू बाप खरोखरच दारात अडकून राहायचा.

शेवटचा खिळा बसला तेव्हा
ती पाठमोरी, कणीक मळत होती.
सवयीने मी ओरडलो, "झालं!"
मग जीभ चावली, हातोडा खाली ठेवला.
हळूच ठेवला, खरंच.
ती वळली.

संध्याकाळी माझ्या घरी,
चौथा मजला, सिमेंटचा स्लॅब, वर जाड गालिचा
(ल्युतावरा असताना घेतलेला, तिला पाय गार पडायचे),
चहा गार होईस्तोवर नुसता बसलो.
मग उठलो, गालिचा गुंडाळून भिंतीशी उभा केला
आणि टाच आपटली. एकदा. म्हटलं, बघू तरी.

खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने
झाडूच्या दांड्याने छताला दोनदा ठोकलं.
चिडूनच असणार.

मी थोडं थांबलो,
आणि पुन्हा एकदा.